हे पान बंद करू नका

१

"मेलं वाटतं हे," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. समोरच्या कोचावर एक बाई आपल्या भावाच्या निकालाची वाट बघत बसली होती.

मावशी संगणकाबद्दल बोलत होत्या. पडदा दहा मिनिटांपासून पांढराफटक होता. त्यांनी घाईने पुन्हा बटण दाबलं, मग आणखी एकदा. तिकडे माझ्या खोलीत सर्व्हरवर तेच काम तीनदा सुरू झालं आणि सगळंच अडकलं.

आमच्या प्रयोगशाळेत हाडं ओळखण्याचं काम चालायचं. चौदा वर्षांपूर्वी तलावात एक फेरीबोट बुडाली होती. तिकिटांवर नावं नसायची, त्यामुळे बोटीत नेमकं कोण कोण होतं हे कुणालाच धड माहीत नव्हतं. गेल्या वर्षी धरणाच्या दुरुस्तीसाठी पाणी उतरवलं, तेव्हा गाळातून ती बोट वर आली. आत जे उरलं होतं ते खोक्यांत भरून आमच्याकडे पाठवलं. मग नातेवाईक येऊ लागले. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना द्यायचा आणि आठवड्याभराने निकालाला यायचं.

निकाल फोनवर सांगायचा नाही, हा आमच्या डॉक्टरबाईंचा नियम होता. "लोकांना वाटतं आपण आधीच काहीतरी ठरवून ठेवलेलं असतं. त्यांच्यासमोर होऊ दे," त्या म्हणायच्या. त्यामुळे समुपदेशनाचं काम बघणाऱ्या मावशी नातेवाइकांना घेऊन भेटीच्या खोलीत बसत आणि त्यांच्यादेखत बटण दाबत. एक नमुना तीनशे बारा हाडांशी ताडून बघायला चाळीसेक मिनिटं लागायची. तेवढा वेळ पांढऱ्या पडद्याकडे बघत बसायचं म्हणजे शिक्षाच.

ती बाई गेल्यावर मावशी माझ्याकडे आल्या. "अगं, काहीतरी कर. काम चालू आहे एवढं तरी दिसू दे त्या माणसांना."

म्हणून मी एक पान लिहिलं. बटण दाबलं की काम मागे सुरू व्हायचं आणि पुढे हे पान यायचं. ते दर दहा सेकंदांनी सर्व्हरला विचारायचं, झालं का? सर्व्हर म्हणायचा, अजून नाही. झालं की निकाल. पानावर हळू फिरणारं एक वर्तुळ होतं आणि खाली मजकूर: 'कृपया थांबा. शोध चालू आहे. हे पान बंद करू नका.'

कोपऱ्यात बारीक करड्या अक्षरांत मी माझ्यापुरती आणखी एक ओळ टाकली होती. 'या पानावर: १.' एकच शोध चुकून दोन मशिनवर उघडा राहिला तर मला कळावं, एवढाच हेतू.

२

पहिले आले ते एक निवृत्त मुख्याध्यापक. बोटीत त्यांची बायको होती. सगळं नीट चालतंय ना हे बघायला मी मावशींच्या मागे उभी राहिले.

खोली तशी साधीच. एक कोच, दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या आणि मेजावर पडदा. भिंतीवरचं घड्याळ मावशींनी कधीच काढून टाकलं होतं. त्याचा खिळा मात्र तसाच राहिला होता.

पान आलं. वर्तुळ फिरू लागलं. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून मजकूर वाचला, पुन्हा चष्मा लावून वाचला. "शुद्धलेखन बरोबर आहे," ते म्हणाले. मावशी हसल्या. तेही थोडं हसले.

कोपऱ्यात लिहिलं होतं: 'या पानावर: २.'

मी जाऊन माझी मशीन पाहिली. तिथे हे पान उघडलेलं नव्हतं. डॉक्टरबाईंची मशीन बंद होती. परत आले तरी दोनच. पहिल्याच दिवशी गणित चुकलं म्हणून मी मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या.

चाळीस मिनिटांनी निकाल आला. जुळलं होतं. मुख्याध्यापकांनी हात जोडले. कुणाला, ते मला कळलं नाही. मावशींच्या पुढ्यात ते जोडलेले नव्हते. मी माझ्या खोलीत जाऊन नोंदी पाहिल्या तेव्हा या पानापुढचा आकडा शून्य झाला होता. पान आता कुणाकडेच उघडं नव्हतं.

३

आमच्याकडे यंत्रं सांभाळणाऱ्याला सगळे प्लग म्हणायचे. काहीही बिघडलं तरी "प्लग काढून परत लाव" हाच त्याचा सल्ला असायचा. मी त्याला नोंदी दाखवल्या. प्रत्येक विचारणा कुठल्या मशिनवरून आली त्याचा पत्ता तिथे असतो. पहिल्या विचारणेपुढे भेटीच्या खोलीतल्या मशिनचा पत्ता होता. दुसऱ्या विचारणेपुढची जागा मोकळी होती.

"सर्व्हर स्वतःच स्वतःला विचारत असेल," प्लग म्हणाला. "त्याला पण करमत नसेल."

"मस्करी नको करूस."

"मग प्लग काढून बघ."

मी तेही केलं. ती ओळ पुसून नव्याने लिहिली, मोजायची पद्धत बदलली. फरक पडला नाही. कधी एक, कधी दोन. मग मी एक वही घेतली आणि रोजच्या शोधांपुढे आकडा लिहायला लागले. महिन्याभरात चौतीस कुटुंबं येऊन गेली होती. एका संध्याकाळी वही उघडून मी आकड्यांशेजारी निकाल लिहिले, आणि अर्ध्या पानावर पेन थांबलं.

जिथे एक होता, तिथे कुणी सापडलं नव्हतं. जिथे दोन होते, तिथे प्रत्येक वेळी सापडलं होतं.

आणि तो आकडा शोध संपल्यावर उमटत नव्हता. बटण दाबल्यावर पहिल्या दहा सेकंदांतच यायचा. गणित सुरूही झालेलं नसायचं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मी प्लगला विचारलं, "सर्व्हर स्वतःलाच विचारतो, तर मग जुळणार असेल तेव्हाच का विचारतो?"

"जुळणार आहे हे त्याला आधी कसं कळणार?"

"तेच म्हणतेय मी."

त्याने आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे कुणाला सांगू नकोस," आणि त्याने वही अलगद बंद केली. प्लग इतक्या हळू काही ठेवतो हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

४

त्यानंतर एक क्रेनवाले आले. बंदरावर पस्तीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस, पंजे फावड्यासारखे. ते पंजे उताणे मांडीवर ठेवून ते कोचावर बसले. बोटीत त्यांची मुलगी होती. लग्न होऊन वर्ष झालं होतं.

मी माझ्या खोलीत होते. मावशींनी बटण दाबलं. माझ्या नोंदींत आकडा आला.

तीन.

आधी मला वाटलं, पुन्हा कुठेतरी चुकलं. मी उठून साऱ्या मशिनी पाहून आले. मग खुर्चीत बसून राहिले. भिंतीपलीकडून मावशींचा आवाज येत होता. क्रेनवाल्यांचा एखादाच शब्द. सर्व्हरचा पंखा घरघरत होता. दर दहा सेकंदांनी तीन विचारणा यायच्या. पहिली, तिच्यामागे दुसरी, आणि दुसरीला अगदी बिलगून तिसरी. त्या दोघींमध्ये कधी अंतर पडलं नाही.

निकालाला मावशींनी डॉक्टरबाईंना बोलावून घेतलं. मीही दारात जाऊन उभी राहिले. दोन जुळण्या होत्या.

"एक तुमची मुलगी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आणि दुसरं?"

"दुसरं तिचं बाळ. पाच महिन्यांचं असावं. पोटात."

क्रेनवाल्यांनी उताणे पंजे पालथे केले. मग म्हणाले, "त्या दिवशी ती आमच्याकडेच यायला निघाली होती. फोनवर म्हणाली, एक गोष्ट सांगायचीय, आल्यावर सांगते, आत्ता विचारू नका." त्यांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. "मी विचारलं नाही हो."

मावशी तोंड फिरवून तांब्यातलं पाणी पेल्यात ओतत राहिल्या. पेला भरून वाहायला लागला.

त्या दिवशी मी कोपऱ्यातली ओळ नातेवाइकांच्या पानावरून काढली आणि फक्त माझ्या पडद्यावर ठेवली, पान न उघडताही दिसेल अशी. पार पुसून टाकायला हात धजेना. आकडा मिटवला तरी तिथे जे कुणी होतं ते असायचं थांबणार नव्हतं. मला भीती वाटत होती, हे खरं आहे. पण भीती म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं तसं त्यात काही नव्हतं. दवाखान्याच्या बाकावर शेजारी कुणीतरी गप्प बसून असावं, आपण मान वळवून बघू नये, तसं होतं ते.

५

एक गोष्ट मी तिथे कुणालाच सांगितली नव्हती. बोट बुडाली त्या आठवड्यात माझा दादा घर सोडून गेला होता.

गुरुवारी त्याचं आणि बाबांचं कडाक्याचं भांडण झालं. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून. तो पिशवी घेऊन निघून गेला. शनिवारी बोट बुडाली. गावाबाहेर पडायला बोट होती, बस होती, आगगाडी होती. आईने आगगाडी निवडली. तो गाडीने गेला, लांब गेला, रागावलाय, येईल. बाबा काहीच न निवडता गेले. मी आईच्या पाठीशी उभी राहिले, कारण दुसरं काही म्हणायची घरात सोय नव्हती.

एका बुधवारी सकाळी दिवसाची यादी उघडली. साडेदहाच्या पुढे आमचं आडनाव होतं.

मी धावत भेटीच्या खोलीत गेले. आई कोचावर बसली होती, पर्स मांडीवर आणि पाय जुळवून, शाळेत पालकांना बोलावल्यावर बसायची तशी.

"आई, तू इथे?"

"गेल्या आठवड्यात नमुना देऊन गेले. तू त्या दिवशी सुट्टीवर होतीस."

"मला सांगायचंस तरी."

"तू नको म्हणाली असतीस."

ते खरं होतं. मी तिच्या शेजारी बसले. "मग आत्ताच का? चौदा वर्षं तर नाव काढू दिलं नाहीस."

"गुडघे गं," ती म्हणाली. "तिसरा मजला आता होत नाही. खाली कुठेतरी घर बघायला हवं. पण त्याला पत्ता हाच माहीत आहे ना. घर सोडायचं तर आधी कळायला नको का, तो यायचाय की नाही?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. नियमाप्रमाणे मी तिथे थांबायला नको होतं. त्या बटणाकडे बोट नेऊन थांबल्या. आईने मान हलवली. मावशींनी बटण दाबलं.

६

मी माझा लॅपटॉप मांडीवर उघडला, पडदा आईला दिसणार नाही असा तिरका.

एक.

दहा सेकंद. एक. आणखी दहा. एक. चौतीस कुटुंबं, आणि त्यानंतरची वीसेक, आकडा कधी मध्येच बदलला नव्हता. माझे खांदे सैल झाले. चौदा वर्षांत मी पहिल्यांदा मनापासून आगगाडीवर विश्वास ठेवला.

आई मावशींशी बोलायला लागली. दादा लहानपणी किती हट्टी होता, आंघोळीच्या वेळी घरभर कसा पळवायचा, भिंतीवर पेन्सिलीने कशी उंची मोजून घ्यायचा आणि टाचा कशा वर करायचा. "बापाच्या वर गेला शेवटी. बारावीत असतानाच. मग कसला ऐकतोय, मी त्याला म्हटलं..."

ती मध्येच थांबली. पुढचं वाक्य तिने आवाज खाली आणून पुरं केलं. ज्याच्याबद्दल बोलतोय तोच खोलीत आल्यावर माणूस बोलतो तसं. तिचं तिलाही कळलं नसावं.

मी खाली पाहिलं. सव्वीस मिनिटं झाली होती.

दोन.

मी आकडा पुन्हा मागवला. दोन. नोंदी पाहिल्या. भेटीच्या खोलीचा पत्ता आणि त्याच्याखाली मोकळी जागा. ती विचारणाही आधीच्यांसारखी नव्हती. एकदा आली, मग बराच वेळ काही नाही, मग लागोपाठ दोनदा. दारापर्यंत येऊन परत फिरावं, पुन्हा यावं, तशी.

"काय गं, पांढरी पडलीस," आई म्हणाली.

"काही नाही. जेवले नाहीये."

"तुझं नेहमीचंच."

उरलेली चौदा मिनिटं मी तिचा हात धरून होते. तिला वाटलं मी तिला धीर देतेय. मी मनात शब्द जुळवत होते, निकाल आला की आधी काय म्हणायचं, तिला कुठे बसवायचं, पाणी कुणी द्यायचं. वर्तुळ थांबलं. मावशी पुढे वाकल्या.

"जुळणी नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा मुलगा यांच्यात नाही."

आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हात काढले तेव्हा ती रडत होती आणि हसतही होती. "बघा," ती मावशींना म्हणाली, "मी म्हणतच होते. म्हणतच होते मी." मग माझ्याकडे वळून, "राहू दे ते घर. गुडघ्यांचं बघू काहीतरी."

मावशींनी पान बंद केलं. मी आईला बसमध्ये बसवून परत आले, तेव्हा माझ्या पडद्यावर तो शोध अजून होता.

या पानावर: १.

७

"प्रत्येक हाडातून काही निघतंच असं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी उगाच विचारल्यासारखं विचारलं होतं. "सतरा खोकी आहेत अशी. गाळात इतकी वर्षं राहिली की काहीच वाचता येत नाही. त्यांची जुळणी कधीच होणार नाही."

"मग त्यांचं काय?"

"एकत्र पुरणार. मान राखून." त्यांनी चष्मा पुसला. "काही कुटुंबांना आपण 'नाही' म्हणालो आणि त्यांचं माणूस त्या खोक्यांत असेल. याने मला झोप लागत नाही, तुला म्हणून सांगते."

निकाल आल्यावर आधीचे सगळे निघून गेले होते. हा एक जात नव्हता. नऊ दिवस मी ते बघत होते. सकाळी आले की आधी तेच बघायचे. शोध संपला होता, उत्तर दिलं होतं, तरी तो विचारत होता, झालं का? आणि विचारणार नाही तर काय करेल? त्याच्यापुढे माझंच वाक्य होतं. कृपया थांबा. हे पान बंद करू नका. इतक्या लोकांसाठी मी ते लिहिलं होतं, आणि पान मागच्या बाजूनेही कुणी वाचत असेल हे माझ्या मनात आलं नव्हतं.

दहाव्या दिवशी प्रकल्प संपायचा होता. दुपारी तीनला प्लग सर्व्हर बंद करणार होता. अडीचला तो माझ्या दारात आला.

"एक पान अजून जिवंत आहे. कुणाचं आहे?"

"आमच्या घरचं," मी म्हणाले.

तो कधी नव्हे ते गंभीर झाला. "बंद करू?"

"तू नको. मी करते."

भेटीच्या खोलीतलं सामान आवरलेलं होतं. तांब्या पालथा घातला होता, कोचावर चादर होती. मी मेजापाशी बसून ते पान उघडलं. दोन. एक मी. मग मजकुराची ओळ खोडली आणि दुसरी लिहायला घेतली. काय लिहायचं ते ठरवून आले नव्हते. माफी मागावी असं वाटलं, बाबांच्या वतीनेही. खूप लिहिलं आणि पुसलं. शेवटी एवढंच राहिलं: 'दादा, आता थांबू नकोस. घरी चल.'

पान बदललं. त्याच्याकडेही बदललं असणार.

दहा सेकंद. दोन.

आणखी दहा. दोन.

मग बराच वेळ त्याची विचारणा आलीच नाही. मला वर्तुळाकडे बघवेना. मी भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत बसले. खोलीत काही हललं नाही, काही वाजलं नाही. फक्त पाठीमागच्या कोचावरची चादर आधी ताणलेली होती ती हळूच सैल झाल्यासारखं वाटलं. मी वळले नाही. पडद्यावर पाहिलं.

एक.

बाहेरून प्लग म्हणाला, "गेलं बघ."

"हो," मी म्हणाले. "निघालो आम्ही."

८

बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. एका गृहस्थाने विचारलं, "इथे कोणी आहे का?" माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि ते पुढे जाऊन दांडीला धरून उभे राहिले. मला शरमल्यासारखं झालं. तरी मी हाक मारून त्यांना परत बोलावलं नाही.

साडेचारचं ऊन होतं. आमच्या जिन्यात त्या वेळी प्रत्येक वळणावर उन्हाचा एक तिरका पट्टा पडतो. मी सावकाश चढले. मागे पावलं वाजत नव्हती. मी दोनदा थांबून कान दिला. मी केलं ते बरोबर केलं की चूक, याचा विचार मला तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर सुचला. तिला 'नाही' मिळालं होतं. चौदा वर्षांनी तिच्या जिवाला स्वस्थता मिळाली होती. आणि मी कुणाला, कशाला घरी आणत होते?

खाली परत जावं असंही मनात आलं. तेवढ्यात दार उघडलं.

आई ओढणीला हात पुसत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिची नजर माझ्या डोक्यावरून थोडी वर गेली आणि तिथेच राहिली. हात पुसायचे थांबले. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं त्याला मला अजून नाव देता येत नाही. ती घाबरली असती तर मी तिला धरलं असतं. ती रडली असती तरीही.

ती बाजूला झाली. मला आत यायला जागा लागते त्याहून कितीतरी जास्त, पाठ भिंतीला टेकेपर्यंत.

"दारात काय उभे राहिलात," ती म्हणाली. "या. आत या."

मला ती जन्मात कधी 'या' म्हणाली नव्हती.

मी चपला काढल्या आणि आत गेले. आईने दार लगेच लावलं नाही.